मुनियांचा हिवाळा

बुधवारी मी ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. नळ्या दिसल्या. नळ्यांच्या भिंतीला धरून आधाराच्या पेशी होत्या. शुक्राणू नव्हते. ज्या पेशींपासून शुक्राणू होतात, त्याही नव्हत्या. ती ऊती दामल्यांची होती. दामले माझे पती.

आज पुन्हा माघ आहे. सकाळी गल्लीतून पाखरंवाला गेला. तो सियालदहला गाडीतून उतरतो आणि खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे पिंजरे टांगून भवानीपूरपर्यंत चालत येतो. पिंजऱ्यांत मुनिया असतात, एकमेकींना चिकटून बसलेल्या, छातीवर खवल्यांसारखी नक्षी असलेल्या. त्याची हाक आली की दामले हातातला चहा तसाच ठेवून गॅलरीत जायचे. आज हाक आली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि तशीच बसून राहिले. हाक लांब गेली. मग ट्रामचा आवाज आला. मग काही नाही.

गेल्या आषाढात दामले गेले. त्यानंतरचा हा पहिला माघ. पण मला आठवतो तो दुसराच, बांगलादेशच्या युद्धानंतरचा, लोडशेडिंगच्या वर्षांतला माघ, आणि त्याला जोडून आलेले चैत्र, ज्येष्ठ, श्रावण. तो एकच ऋतू होता असं मी धरते. मुनियांच्या हिशेबानं तो एकच असतो.

दामले सांगलीकडचे. इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले आणि राहिले. मी इथलीच. माझ्या वडिलांनी कलकत्त्यात शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे माझ्या मराठीत पुस्तकं जास्त आणि माणसं कमी, असं दामले म्हणत. मी त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. लग्नाआधी मी त्यांना 'दामले' म्हणायची. लग्नानंतर चारचौघांत 'अहो' म्हणायला लागले, पण वैतागले की तोंडात दामलेच यायचं.

"दामले, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका."

"आता कळलं, चिडलीयस. अहोचा टॉवेल चालतो, दामल्याचा नाही."

त्यांचं काम मुनियांवर होतं. मुनिया पावसाळ्यात वीण घालतात. हिवाळ्यात नराचं वृषण खसखशीच्या दाण्याएवढं असतं, सापडायला भिंग लागतं. पाऊस जवळ आला की ते फुगत जातं, मुगाएवढं होतं. वीण झाली की पुन्हा खसखस. दर वर्षी एक अवयव जवळजवळ नाहीसा होतो आणि परत उभा राहतो. तो कशाच्या बळावर परत उभा राहतो, हा त्यांचा प्रश्न होता. सगळं ओसरल्यावर आत काय राहतं?

हातीबागानच्या पाखरांच्या बाजारात आम्ही दोघं जात असू. मुनियांमध्ये नर आणि मादी दिसायला सारखेच. दामले पिंजऱ्याला डोळे लावून बसायचे आणि पाखरंवाला कंटाळायचा.

"बाबू, नवरी शोधताय का? सगळ्या सारख्याच आहेत."

"नर हवेत मला."

"मग गाणं म्हणेल तो नर."

"हिवाळ्यात कोण गातं रे?"

"मग हिवाळ्यात कशाला नर हवा तुम्हाला?" असं म्हणून तो खो खो हसला होता. दामलेही हसले. लग्नाला तेव्हा फार दिवस झालेले नव्हते. मीही हसले होते.

नळी कशी असते ते मला दामल्यांनी शिकवलं. पुस्तकात मी ते आधी वाचलं होतं, पण त्यांनी ते हळदीतून सांगितलं. त्यांच्या घरी हळद असायची. ते म्हणाले, हळद खणली की सगळी शिजवत नाहीत. गड्डे बाजूला काढतात, सावलीत ढीग करून हळदीच्याच पाल्यानं झाकून ठेवतात. ते बेणं. घरात कितीही ओढ असली तरी बेण्याला हात लावायचा नाही. नळीच्या भिंतीला अगदी चिकटून अशाच थोड्या पेशी असतात. शांत, फिकट, लंबगोल. त्यातली एक दुभंगते तेव्हा दोन होतात. एक निघते, दुभंगत दुभंगत पुढे जाते, शेवटी तिचे शुक्राणू होतात. दुसरी तिथंच राहते. पुढच्या वेळेसाठी. बेणं संपू द्यायचं नाही, एवढं एकच काम तिला असतं.

"आणि आमच्याकडे हट्टी पोरालाही बेणंच म्हणतात," ते म्हणाले. "आई मला म्हणायची. काय बेणं आहे!"

पण बेणं एकटं जगत नाही. भिंतीपासून नळीच्या पोकळीपर्यंत उंच उभ्या असलेल्या दुसऱ्या पेशी असतात. वाढणाऱ्या पेशींना त्या आपल्या अंगाच्या घड्यांत धरतात, अन्न पोचवतात, रक्तातलं नको ते आत येऊ देत नाहीत. खालची पेशी वर सरकायला लागली की तिच्या मागे दार लावतात आणि मगच पुढचं उघडतात. शुक्राणू पुरे होईपर्यंत त्यांची डोकी या पेशींच्या अंगात रुतलेली असतात, आणि मग या पेशी त्यांना सोडून देतात. त्यांना इंग्रजीत 'नर्स सेल' म्हणतात, आम्ही घरात 'दाया' म्हणायचो. बेणं कधी झोपेल, कधी उठेल हे बरंचसं या दाया ठरवतात. त्यांना सांगतात मेंदूखालून रक्तातून येणारे निरोप, आणि त्या निरोपांना सांगतात दिवसाची लांबी, उष्मा, पावसाचं गवत. बाहेरचं सगळं जग त्या एका फिकट पेशीपर्यंत असं हातोहात येतं.

हिवाळ्यात मुनियाची नळी आक्रसते. दाया राहतात, त्यांच्या अंगात चरबीचे थेंब साचतात. आणि भिंतीशी बेणं. बाकी रिकामं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. दामले विद्यार्थ्यांना म्हणायचे, "रिकामी नळी दिसली की भिंत बघा. नीट बघा. एक जरी असली तरी ऋतू येतो."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. आमच्या सगळ्या चुकीचं मूळ त्यात होतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली. आधी माझ्या तपासण्या झाल्या, तशी पद्धतच होती. त्या ठीक निघाल्या. मग एक दिवस दामले कॉलेजात इतर कुणी यायच्या आधी गेले आणि स्वतःचा थेंब स्वतःच मायक्रोस्कोपखाली पाहिला. घरी आले ते जेवले, भात पुन्हा मागून घेतला, आणि हात धुताना म्हणाले, "कुमुद, काही नाही त्यात."

मला वाटलं, काही दोष नाही. मी म्हटलं, "चला, बरं झालं."

"नाही गं. काहीच नाही. एकही नाही."

नळ बराच वेळ वाहत राहिला. त्या काळात पाणी जपून वापरायचो आम्ही.

डॉक्टर ओळखीचे होते, भला माणूस. म्हणाले, वाटेत कुठे अडलं असेल, किंवा तयारच होत नसेल. बारीक तुकडा काढून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. दामल्यांनी एकच अट घातली. अर्धा तुकडा त्यांना हवा होता. फॉर्मॅलिनमध्ये वृषणाच्या पेशी आक्रसतात, काही धड दिसत नाही, हे त्यांचं नेहमीचं भांडण. ऑपरेशनच्या टेबलावर जाताना त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या द्रावणाची बाटली काढून डॉक्टरांच्या हातात दिली. मुनियांसाठी वापरायचो तेच द्रावण, तीच बाटली.

डॉक्टर म्हणाले, "दामलेबाबू, पेशंट लोक बरोबर शहाळी आणतात, फळं आणतात. तुम्ही हे आणलंत."

तुकडा मसुराच्या डाळीएवढा होता. तो मी पिवळ्या द्रावणातून काढला, अल्कोहोलमध्ये पिवळेपणा जाईपर्यंत धुतला. मेणात घालायची वेळ आली आणि कॉलेजचे दिवे गेले. मेणाचं कपाट गार पडायला लागलं. मेण घट्ट झालं तर आतली पेशी फाटते. मी ती कुपी आणि मेणाचं भांडं घेऊन रिक्षानं घरी आले, शेगडीवर पाण्याचं पातेलं ठेवलं, त्यात मेणाचं भांडं, त्यात थर्मामीटर, आणि निखारे मागेपुढे करत बसले. अख्खी दुपार. पंखा बंद, दारं उघडी.

वास वर गेला आणि घरमालकीण मासीमा खाली आल्या. विधवा, पांढरी साडी, मुलं परदेशी. मला त्या बौमा, म्हणजे सूनबाई म्हणत. दारात उभ्या राहून त्यांनी पातेल्यात पाहिलं.

"बौमा, मेणबत्त्या करतेयस?"

मी हो म्हटलं.

"चांगलं करतेस. बाजारात काय भाव झालेत! मलाही दोन कर."

मी त्यांना खरंच दोन करून दिल्या, उरलेल्या मेणाच्या, सुताची वात घालून. त्या तिथंच पाटावर बसून माझ्याशी गप्पा मारत राहिल्या. पाण्याचा पारा वर गेला की मी निखारा ओढायची, खाली आला की ढकलायची. माझ्या नवऱ्याचा मसुराएवढा तुकडा त्या मेणात तळाशी होता. मला आठवतं, मी मनात त्याच्याशी बोलत होते. फाटू नकोस. एवढंच.

तर तो बुधवार. त्याच आठवड्यात टेबलावर माघातल्या मुनियांच्या स्लाइड होत्या. मी त्याच रंगात, त्याच हातानं, त्यांच्या मधोमध ही स्लाइड रंगवली. आणि मायक्रोस्कोपमधून पाहिलं तेव्हा पहिल्या क्षणी मला दिसला तो मुनियांचा हिवाळा. तशाच आक्रसलेल्या नळ्या. तशाच दाया, त्यांच्या वाकड्यातिकड्या केंद्रकांच्या मध्यभागी ठसठशीत काळा ठिपका, बेण्यात नसणारी दाईची खूण. मी भिंती तपासायला लागले. एक नळी, दुसरी नळी. भिंत, भिंत, भिंत. दाया, दाया. दामले खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभे होते. बाहेर मिरवणुकीच्या घोषणा चालल्या होत्या, त्या ओसरल्या, पुन्हा जवळ आल्या.

"सांग," ते म्हणाले.

"थांबा."

"कुमुद, सांग."

तेव्हा मला ती दिसली. स्लाइडवरच्या फितीच्या अगदी शेवटच्या कापात, एका नळीच्या भिंतीला चिकटून, एक केंद्रक. फिकट. लंबगोल. कडा गुळगुळीत. आणि मध्यभागी काळा ठिपका नाही.

मी उठले. ते बसले. त्यांनी इतका वेळ पाहिलं की माझे पाय दुखायला लागले. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी काही न विचारता त्यात टाक ठेवला. मुनियांच्या स्लाइडवर करायचो तसं त्यांनी कव्हरस्लिपवर त्या जागी शाईचं बारीक टिंब दिलं.

इथं आमची कामाची रीत सांगायला हवी. मायक्रोटोमवर मेणाचा ठोकळा कापला की कापांची फीत निघते, एकाला एक लागून. ती फीत क्रमानं स्लाइडवर घेतात. एक स्लाइड रंगवायची, पुढची तशीच मेणात राखून ठेवायची, गरज पडली तर. एका केंद्रकातून दोन काप जातात. एका कापात नुसती त्याची कड येऊ शकते, आणि मधला काळा ठिपका पुढच्या कापात. म्हणून संशय आला की पुढचा काप बघायचा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतो. आमचा पुढचा काप पुढच्या स्लाइडवर होता. ती रंगवलेली नव्हती. पेटीत होती. रंगवायला तासभरही लागला नसता.

मी पेटी उघडली.

"राहू दे," दामले म्हणाले.

मी पेटी बंद केली.

हॉस्पिटलनं त्यांच्या अर्ध्या तुकड्याचं सांगितलं, काही नाही. दामले म्हणाले, "फॉर्मॅलिन. त्यांना काय दिसणार?" आणि मग, ट्रामच्या थांब्यावर, माझ्याकडे न बघता, "एक उरली तरी पुरते. उष्णतेनं, किरणांनी सगळं जाळलेल्या नळ्या लोकांनी पाहिल्यात. एकेका पेशीपासून पुन्हा भरल्यात."

"हो," मी म्हटलं.

"हिवाळा आहे."

माणसाला ऋतू नसतो. हे आम्हा दोघांइतकं पक्कं शहरात थोड्याच लोकांना माहीत असेल. माणसाची नळी बारा महिने चालू असते, किंवा नसते. पण मी पुन्हा म्हटलं, "हो."

त्यानंतर आम्ही वाट पाहायला लागलो. लोक देवाला नवस बोलतात, आम्ही मुनियांबरोबर चाललो. दामल्यांनी चहा सोडला, गरम पाण्यानं आंघोळ सोडली, सुती सैल कपडे शिवून घेतले. दर महिन्याला सकाळी लवकर जाऊन थेंब पाहायचे. घरी येऊन सांगायचे नाहीत. मी विचारायची नाही. ते किल्ल्या कशा ठेवतात त्यावरून कळायचं.

चैत्रात गार्डन रीचला रेल्वेतल्या आपट्यांकडे हळदीकुंकू होतं. आपटेवहिनींचे यजमान बदलून आलेले, मोठं क्वार्टर, मागच्या व्हरांड्यातून नदी दिसायची. कलकत्त्यातल्या आम्ही सगळ्या मराठी बायका त्या दिवशी तिथं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. गौरीपुढे मांडलेली रुखवताची खेळणी. वहिनींनी माझ्या ओटीत नारळ घातला, हरभरे घातले आणि कानाशी म्हणाल्या, "यंदा तरी कूस भरू दे हो. आणि त्यांना म्हणावं, जरा पाखरांतून डोकं काढा."

मागून कुणीतरी म्हणालं, "पाखरांचं काय ते सगळं ठाऊक आहे त्यांना!" सगळ्या हसल्या. वाईट मनाच्या नव्हत्या त्या. मीही हसले आणि नदीकडे पाहिलं. एक जहाज हळू हळू, जागचं न हलल्यासारखं, समुद्राकडे चाललं होतं. भिजवलेले हरभरे ओटीत गार लागत होते. एकेकाला मोड फुटायला लागला होता.

त्या रात्री मी ते उसळीत घालू शकले नाही. सकाळी मासीमांच्या कुंडीत पुरले.

मुनियांचे नर गायला लागले. पिंजऱ्यात मान ताणून, चोच उघडून, इतकं बारीक की जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही. नळ्यांच्या भिंतीशी बेणं हललं. दर पंधरवड्याच्या स्लाइडवर ते दिसत होतं, दोन, चार, मग साखळ्या, एकमेकांना बारीक पुलांनी जोडलेल्या. दामले स्लाइड बघताना हल्ली बोलायचे नाहीत. मुलांना काही समजावताना मध्येच थांबायचे. एकदा मी त्यांना पाहिलं, मुनियाची स्लाइड काढून त्यांनी ती दुसरी लावली, टिंबाची, आणि पुन्हा मुनियाची, आणि पुन्हा टिंबाची.

ज्येष्ठात मासीमांची षष्ठी आली. त्या दिवशी इथल्या आया आपल्या मुलांना पाण्यात भिजवलेल्या ताडाच्या पंख्यानं वारा घालतात, 'षाट षाट' म्हणतात, मुलांची इडापिडा जावी म्हणून. मासीमांचे मुलगे सातासमुद्रापार. त्या भिजलेला पंखा घेऊन खाली आल्या. दामले बनियनवर पेपर वाचत होते.

"उघड्या अंगानं बस. इकडे तोंड कर."

"मासीमा, मी चाळिशीचा झालो."

"माझ्यापुढं कसली चाळिशी? बौमा, तूही ये."

आम्ही दोघं जमिनीवर बसलो, शेजारी शेजारी, पोरांसारखे. त्यांनी पंखा हलवला. पाण्याचे थेंब तोंडावर आले. षाट, षाट, षाट. वर पंखा बंद होता, दिवे गेलेले. दामल्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पंख्याचं की त्यांचं, मी पाहिलं नाही. मासीमांनी पाहिलं असावं. पंखा लवकर थांबला नाही.

"पुढच्या वर्षी तिसरं कुणी बसव मध्ये," जाताना त्या म्हणाल्या, "माझे हात आता दुखतात."

श्रावणातल्या मुनियांच्या स्लाइड मी रंगवल्या त्या अजून डोळ्यांपुढे आहेत. नळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या. शुक्राणूंचे जुडगे दायांच्या अंगात डोकी खुपसून, शेपट्या पोकळीत सोडून, भाताच्या लोंब्यांसारखे. जागा उरलेली नव्हती. इतकी भर मी कधी पाहिली नव्हती, किंवा दर वर्षी पाहिली होती आणि कधी दिसली नव्हती. मी मायक्रोस्कोपवरून उठले, बेसिनशी गेले, आणि माझ्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या खोलीतलं कुणीतरी धावत आलं. मी सांगितलं, मेण काढायचं झायलॉल डोळ्यात उडालं.

भाद्रपदात गणपती झाले. आमच्या मराठी मंडळींचा छोटा गणपती, आरत्या बंगाली सुरात म्हणणारी मुलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दामले कॉलेजातून आले, किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आवाज न करता ठेवल्या. मग म्हणाले, "मुनिया उतरायला लागल्या."

मला कळलं. ऋतू संपला होता. वाट पाहायला आता पुढचा महिना नव्हता.

"उद्या रंगव ती," ते म्हणाले.

मी रंगवली. सवयीचे हात होते. झायलॉलनं मेण काढलं, अल्कोहोल, पाणी, जांभळा रंग, पाणी, गुलाबी रंग. कव्हरस्लिप बसवली. पहिला काप. तीच नळी, तिच्या भिंतीचा तोच बाक. तीच पेशी. केंद्रक आता मधोमध कापलेलं होतं. वाकडंतिकडं, एका बाजूला घडी. आणि मध्यभागी ठसठशीत काळा ठिपका.

दाई होती.

मी बाजूला झाले. दामल्यांनी पाहिलं. फार वेळ नाही.

"छान रंगवलीस," ते म्हणाले.

"दामले..."

"नाही, खरंच. किती स्वच्छ आलीय." मग स्टुलावर बसूनच, दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्यांनी विचारलं, "या कशाला उभ्या आहेत गं? कुणीच नाही तर या कशासाठी उभ्या आहेत?"

मी त्यांना शास्त्रातलं उत्तर देऊ शकले असते. बेणं दायांशिवाय जगत नाही, पण दाया बेण्याशिवाय जगतात. कदाचित दामल्यांच्या नळ्यांत बेणं कधी पोचलंच नसेल, त्यांच्या आईच्या पोटात असतानाच वाटेत हरवलं असेल. दाया आल्या, जागा केली, भिंत धरली, दारं लावली, उघडली, आणि कुणी आलं नाही. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. कॉलेजात, दिवसाढवळ्या, दार उघडं असताना. त्यांनी तो काढला नाही.

त्यानंतरही वर्षं गेली. दत्तकाचा विषय निघायचा आणि दोघांपैकी एक जण उठून खिडकी लावायचा. दामल्यांनी मुनियांचं काम पुरं केलं, चांगलं केलं. पण मुलांना ते वाक्य पुन्हा सांगितलं नाही. रिकामी नळी आली की नुसतं म्हणायचे, "बघा." काय बघायचं ते नाही सांगायचे. आपटे बदलून गेले. मासीमा षष्ठीला पंखा घेऊन येत राहिल्या आणि मध्ये तिसरं कुणी बसव असं पुन्हा म्हणाल्या नाहीत. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

गेल्या आषाढात, ट्रामच्या थांब्यावर, छत्री उघडता उघडता दामले खाली बसले. मी पोचले तेव्हा लोकांनी छत्री त्यांच्यावर धरली होती.

घाटावर पुरोहितानं विचारलं, "मुलगा कोण?"

त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"अग्नी कोण देणार? मुलाला पुढे पाठवा."

सांगलीहून पुतण्या निघाला होता, पोचायला दोन दिवस लागणार होते. पुरोहित वाईट माणूस नव्हता, त्याला पुढची कामं होती. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कधी घाटावर न येणाऱ्या मासीमा त्या दिवशी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "नाही मुलगा. बौमा देईल." त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला, आणि काड्या माझ्या हातात दिल्या. अस्थी गंगेत गेल्या. राख तिथंच राहिली, पावसानं वाहून गेली असेल.

मला उशिरा, दिवसकार्य उरकल्यावर, लक्षात आलं. घर आवरत होते. मायक्रोस्कोप कॉलेजचा होता, तो परत गेला. मुनियांच्या स्लाइडही कॉलेजनं नेल्या, त्यांच्या कामाच्या होत्या. पेटीत तळाशी या दोन राहिल्या. त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं म्हणून कुणी नेल्या नाहीत.

मी त्या खिडकीशी धरल्या. मायक्रोस्कोपशिवाय काही दिसत नाही, फक्त गुलाबी ठिपक्यांची एक ओळ, नखाएवढीही नाही. गुलाबी थोडा उडालाय. जांभळा उडत नाही, तो आमच्या नंतरही राहील.

दामल्यांच्या देहातलं आता एवढंच आहे. दोन काचा, एकीवर शाईचं टिंब. आत नळ्या आहेत. नळ्यांच्या भिंतीला धरून दाया उभ्या आहेत.